अण्णांनी चार वेळा पाहिलेला पिक्चर

किसनअण्णांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत जिलबीची जाडी मोजली होती. त्यांच्या खिशात कायम व्हर्निअर असायचं, कारखान्यात सुट्या भागांची जाडी मोजायचं पोलादी माप. ताटातली जिलबी त्याच्या जबड्यात धरून ते आचाऱ्याला म्हणाले, "माल चांगला हाय, फिनिशिंग न्हाई." तो आचारी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

पिरंगुटच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासून अण्णा निवृत्त झाले, तपासणी मात्र निवृत्त झाली नाही. आमच्या भरे गावात ग्रामपंचायतीला नवं गेट बसलं, तेव्हा त्यांनी ते चौदा वेळा उघडझाप करून पाहिलं. नातवाच्या बारशाला ते पाळण्याखाली वाकून नट आवळत बसले आणि तोवर बाळ बिननावाचं राहिलं. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर, त्यामुळे त्यांचे सगळे अहवाल मलाच ऐकावे लागतात.

एकदा अण्णा म्हणाले, "मास्तर, उद्या दुपारी पिच्चरला जायचं."

"कुठल्या?"

"म्हाताऱ्यांच्या प्रेमाच्या."

वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतर अण्णा थिएटरकडे फिरकलेही नव्हते. मी गाडी काढली.

हिंजवडीकडच्या थिएटरात आम्हाला धरून अकरा माणसं होती. पडद्यावर साठीतला विधुर आणि पन्नाशीतली घटस्फोटित बाई. दोघं भांडतात, एकमेकांची फजिती करतात आणि प्रेमात पडतात. नायकाने नायिकेला उचलून देवळाच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली, तसे अण्णा मोठ्याने म्हणाले, "कंबर?" मागच्या रांगेतली एक बाई शेवटपर्यंत हसत होती. मध्येच अण्णा लाह्या आणायला गेले. पॉपकॉर्नला ते लाह्याच म्हणतात.

परत येताना चहाच्या टपरीवर अहवाल मिळाला.

"आदी पडती बाजू सांगतो. एकाचाबी गुडघा दुखत न्हाई. पोरांचा इरोध एका गाण्यात मिटतो. आपल्या गावात गटाराचा ठराव दोन वर्षं मिटत न्हाई. आन् शेवटाला त्यो विमानतळावर माईकमधनं प्रेम सांगतो. तवर सिक्युरिटी काय करती?"

"आणि जमेची बाजू?"

अण्णांनी मटारांचा प्रसंग काढला. पिक्चरमध्ये एकदा नायिका रुसून मटार सोलत बसते. नायक येतो, काही न बोलता समोर बसतो आणि स्वतःही सोलायला लागतो. बराच वेळ पडद्यावर नुसते मटार.

"त्यो तुकडा लई बरोबर जमलाय," अण्णा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच पुन्हा जाऊन आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. अण्णांना पिक्चरमध्ये काम मिळालंय, अशी गावात बातमी उठली. शेवटी मी विचारलंच.

"सुमनबाईंना दावायचा हाय," ते म्हणाले. "त्यांना कुटं तरास व्हईल, ते तपासत व्हतो."

सुमनबाई म्हणजे निवृत्त नर्स, बुद्धविहाराशेजारी एकट्या राहतात. वहिनींच्या आजारपणात दोन वर्षं रोज संध्याकाळी येऊन त्या इंजेक्शन द्यायच्या. वहिनी गेल्यावर येणं थांबलं. मग अण्णांचं आणि त्यांचं बोलणं रस्त्यातल्या "बरं हाय ना?"पुरतं उरलं.

"एकच जागा धोक्याची हाय," अण्णा म्हणाले. "नायक पैल्या बायकूचा फोटो भितीवरनं काढतो. आमच्या हिच्यावर बाईंचा लई जीव. तवा त्यांना लाह्यांच्या निमतानं भाईर न्यायचं. चार मिन्टं." त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं.

रविवारी अण्णा, सुमनबाई, मी आणि माझी बायको, अशी चौघं गेलो. फोटोची वेळ आली तसे अण्णा उठले.

"बाई, चला, लाह्या घिऊ."

"बसा खाली," सुमनबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मला बघायचंय."

अण्णा बसले. नायकाने फोटो उतरवला, फडक्याने पुसला, कपाटात ठेवला. सुमनबाईंचे डोळे कोरडे होते. खांदे हलत होते ते अण्णांचे. तेव्हा मला कळलं, माझ्याबरोबर आले होते तेव्हाही ते नेमके इथेच उठून गेले होते. पुढच्या दोन्ही वेळीही ती चार मिनिटं त्यांनी बाहेर, लाह्यांच्या काउंटरपाशीच मोजली असणार. सुमनबाईंनी पर्समधून घडी केलेला रुमाल काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

येताना गाडीत, हिंजवडी मागे पडल्यावर सुमनबाईंनी विचारलं, "अण्णा, ताईंचा फोटो अजून भिंतीवरच आहे ना?"

"हाय की."

"राहू द्या. मी येत-जात राहिले, तरी तो काढायचा नाही."

अण्णांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. विहारापाशी गाडी थांबल्यावर ते घाईघाईने उतरले आणि सुमनबाईंच्या बाजूचं दार उघडून धरलं. बाई घरात गेल्या, आतला दिवा लागला. अण्णा तसेच दार धरून उभे होते. मी गाडी बंद केली आणि थांबलो.