हरणसाळीचे पुनरुज्जीवन

हरणसाळ हे भाताचे वाण कर्जत-खालापुरातून समूळ नष्ट झाल्याचे सरकारने १९८६ साली जाहीर केले आणि जनुकशास्त्राने ते पुन्हा जिवंत करण्यासाठी दहिवलीला एक कचेरी उघडली. वाण परत आले की शेतकरी सुखी होणार होता, देश पुढे जाणार होता आणि कचेरीला जीप मिळणार होती.

तिसऱ्याच दिवशी पळसदरीची धोंडूबाई पेंढ्यात बांधलेली बियाण्याची मुडी डोक्यावर घेऊन हजर झाली.

"सायेब, हरणसाळ मेली कोन म्हनतो? आमी दर साल लावतो. ही बघा."

उपसंचालक हेमचंद्र टिपणीस यांचा चेहरा पडला. वाण जिवंत निघाले तर कचेरीच बेकायदा ठरत होती.

"आणखी कुणाकडे आहे?"

"कुनाकडं नाय. माज्याच घरात आनखी दोन मुड्या हायेत."

"त्याही द्याव्या लागतील."

बियाणे मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही आणि नेणाऱ्याने पुढच्या पेरणीआधी ते परत करायचे, ही तिकडची रीत. रीत पाळणाऱ्याला पावती मागायची सुचत नाही. धोंडूबाईने तिन्ही मुड्या दिल्या. "राब पेरायच्या आत परत द्या म्हंजे झालं."

टिपणीसांनी सगळे नियमाने केले. नमुन्यापुरते पाव किलो प्रयोगशाळेत गेले. पीठ केल्याशिवाय जनुके दिसत नाहीत, म्हणून त्याचे पीठ झाले. उरलेले 'नमुन्याव्यतिरिक्त धान्य' गिरणीतून सडून, तांदूळ करून आणले. मग अहवाल गेला, की हरणसाळीचा एकही दाणा आता शिल्लक नाही. अहवाल पहिल्यांदाच खरा होता. योजना मंजूर झाली. आमच्याकडे याला निलाजरेपणा म्हणतात, कचेरीत पूर्वतयारी म्हणतात.

धोंडूबाई बियाणे मागायला आली ती नेमकी योजनेच्या उद्घाटनाच्या दिवशी. मांडवामागच्या चुलीपाशी ती थबकली. वास तिच्या ओळखीचा होता.

"सायेब, ह्यो माजा भात शिजतोय."

"बाई, हरणसाळ नष्ट झालेली आहे. ती शिजेल कशी?"

"मूठभर तरी ठेवलाय का नाय? मी रोपांसाठी राबाची जमीन भाजून ठेवलीय."

"अर्ज करा. दहा-बारा वर्षांत जनुकांपासून तयार होईल. तुम्हाला अग्रक्रम देऊ."

ती मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, पंगत बसली. तुम्हीही होतात की! 'असा भात हल्ली कुठे मिळतो?' म्हणत तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतला होतात.