पहिली निवड

शलाका धुमाळला वाटलं होतं की एसटी स्टँडवर तिला घ्यायला आबा येतील. आला तो बयाजी, आणि बयाजी हा काल्पनिक कबड्डीपटू होता.

"आबा कुठायत?" तिने विचारलं.

"मीटिंगला," बयाजी म्हणाला. तिची मोठी बॅग त्याने खांद्यावर घेतली, आणि डावा पाय जरा ओढत चालू लागला. "नवख्यांची निवड आलीय ना तोंडावर. तू वाळलीस गं. तिकडं जेवायला देत नव्हते काय?"

शलाका सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये होती. संख्याशास्त्रात तिने पदवी घेतली होती, वर आणखी एक घेतली होती. त्या सहा वर्षांत हळूहळू तिची अशी समजूत झाली होती की बयाजीकाका ही आपली लहानपणची कल्पना असणार. ते बरोबरच होतं. फक्त कल्पना तिची नव्हती, लीगची होती.

आडमाळची पिढीजात कबड्डी लीग चौतीस वर्षं चालू होती. दहा घरांचे दहा संघ, प्रत्येक संघात सात खेळाडू. एकदा निवडलेला खेळाडू त्या घराचाच. बाप गेला की मुलाकडे यायचा. खेळाडू काल्पनिक असल्यामुळे सामने होत नसत, पण निकाल लागत. दर रविवारी चार वाजता लीगचे चिटणीस बशीर मुलाणी वाचनालयाच्या पायरीवर उभे राहून वहीतून गुण वाचून दाखवत, आणि हरलेल्या घरांत त्या संध्याकाळी कोणी मोठ्याने बोलत नसे.

खेळाडू ज्याच्या त्याच्या घरी राहत. धुमाळांकडे ते मागच्या पडवीत असत आणि जेवणाच्या वेळी ओळीने पाटावर बसत. शलाकाने पहिल्या रात्रीच आईला विचारलं, की काल्पनिक असून ते जेवतात कसे.

"जेवतात की," भाकरी थापता थापता इंदुमतीबाई म्हणाल्या. "मीठ तेवढं कमी लागतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी मुलाणीचाचा स्वतः घरी आले. एका कापडी पिशवीत चौतीस वह्या होत्या. त्यांनी त्या शलाकापुढे ठेवल्या आणि टोपी काढून मांडीवर घेतली.

"क्षीरसागर गुरुजींचे डोळे गेले," ते म्हणाले. "यंदाचं भाकीत तू कर. कुठलं घर कुठला नवखा निवडणार, ते आधी लिहून द्यायचं. शुक्रवारी सकाळी पत्रक लागतं, संध्याकाळी निवड. तुझ्याशिवाय शिकलेलं गावात दुसरं कोण आहे?"

"चाचा, पण भाकीत कशाला लागतं? निवड त्याच दिवशी कळतेच की."

मुलाणीचाचांनी तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "भाकीत नसेल तर निवड करायची कशी, पोरी?"

हा प्रश्न शलाकाला उलटा वाटला, पण तिने तो मनात बाजूला ठेवला. ती आली होती ती काही करून दाखवायला. गावात ज्या गोष्टी 'असंच असतं' म्हणून चालतात त्या मोजून, तपासून, उघड्यावर मांडायच्या, म्हणजे माणसं आपली आपण शहाणी होतील, यावर तिचा इतका विश्वास होता की विमानात तिने शेजारच्या अनोळखी बाईलाही हे समजावून सांगितलं होतं. कुठूनतरी सुरुवात करायची, तर इथूनच.

तिने तीन दिवस वह्या संगणकात भरल्या. वर्ष, घर, नवख्याची उंची, वजन, तो चढाई करणारा की पकडीचा, गुरुजींचं भाकीत, प्रत्यक्ष निवड. बुधवारी दुपारी तिने शेवटचे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासले. तीनशे चाळीस भाकितं होती. तीनशे चाळीस बरोबर होती.

ती तशीच उठून क्षीरसागर गुरुजींकडे गेली. गुरुजी ओट्यावर बसून रेडिओ पुसत होते.

"गुरुजी, असं होऊच शकत नाही. एकही चूक नाही?"

"चुका झाल्या की," गुरुजी म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली कागदावर खाली मी घरातली कामं लिहिली होती. घाईत वरची ओळ सोडून खालची उतरवली. बाबर मंडळींच्या नावापुढं गेलं 'पंखा दुरुस्त करणे.'"

"मग?"

"मग काय, त्यांनी पंखा दुरुस्त करणे याला निवडलं. आला तो. चांगला उंच होता. दोन हंगाम उजव्या कोपऱ्यात छान खेळला."

शलाका ओट्यावर बसली.

"म्हणजे लोक तुमचं पत्रक बघून निवडायचे."

"माझा शब्द खाली पडू देत नसत. गावाचा स्वभाव आहे तो. पहिल्या वर्षी मी अंदाज केला होता खरा. दुसऱ्या वर्षी बाबरांचा म्हातारा आला, म्हणाला, गुरुजी, तुम्ही मागच्या खेपेला लिहिलंत म्हणून मी घेतला, यंदा मला जरा चढाईचा पोरगा लिहा. तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"आणि तुम्ही लिहिला?"

"नाही. त्याला पकडीचा लिहिला. चढाईचे दोन होते त्याच्याकडं." गुरुजींनी रेडिओ कानाला लावून हलवला. "भाकीत निष्पक्ष पाहिजे."

घरी येताना शलाकाला सगळं उलगडलं. तिने चौतीस वर्षांची माहिती गोळा केली होती, आणि ती गावाची आवडनिवड नव्हती. एका माणसाची सवय होती. त्या सवयीवर तिने गणित बसवलं होतं. गणित उत्तम बसलं होतं. आता ते जे सांगेल ते ती लिहिणार, ती लिहील ते गाव करणार, आणि पुढच्या वर्षी वही उघडून बघितलं तर ती बरोबर निघालेली असणार. या वर्तुळात खरं नेमकं कुठे शिरतं, ते तिला सापडेना. तिने एका वहीच्या मागच्या पानावर बाण काढून पाहिले. बाण फिरून पुन्हा तिच्याच नावाशी आले.

त्यातून गणिताने पहिल्या निवडीबद्दल जे सांगितलं होतं ते घरचंच होतं. मागच्या हंगामात जो संघ तळाला असेल त्याला पहिली निवड मिळते, आणि धुमाळांचा संघ सलग नऊ वर्षं तळाला होता. यंदाच्या नवख्यांत यशराज खुटवड नावाचा चढाईपटू सगळ्यांत वर होता. उंची सहा फूट एक इंच, दम पंचेचाळीस सेकंद. धुमाळ त्याला निवडतील, अशी शक्यता ब्याऐंशी टक्के होती. संघात सातच खेळाडू ठेवता येतात. आठवा आला की एकाला मोकळं करावं लागतं. कोणाला, हे सांगायला गणिताची गरज नव्हती. दोन हजार अकरा साली बयाजीचा गुडघा गेला होता, आणि तेव्हापासून तो आठवड्याला अर्धा गुण मिळवत होता.

शलाकाने मुलाणीचाचांना गाठलं. ते दुकानात लग्नाच्या पत्रिका मोजत होते.

"चाचा, मोकळा केलेला खेळाडू जातो कुठे?"

"मी वहीत नावावर रेघ मारतो," चाचा म्हणाले. "संध्याकाळी तो जेवायला बसतो. ताटं घासायला घेतली की एक ताट कमी असतं."

"पण जातो कुठे?"

"जायला तो होता कुठं, शलाका?"

बयाजीने तिला सायकल शिकवली होती. मागची सीट धरून तो बाजारपेठेपर्यंत पळत आला होता, आणि सीट वाटेतच सोडली होती हे त्याने तिला तीन दिवसांनी सांगितलं होतं. सायकल तिला खरोखर येत होती.

गुरुवारी संध्याकाळी आबा पत्र्याच्या खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. हिंदुराव धुमाळ हा एरवी मोठ्या आवाजाचा माणूस. त्या दिवशी ते हळू बोलत होते.

"लिहिलंस का?"

"अजून नाही. आबा, तुम्हांला काय हवंय?"

"माझं काय विचारतेस? तू लिहिशील ते."

"नाही, पण समजा मी काहीच लिहिलं नाही. समोर यशराज आहे, मागं पडवीत बयाजीकाका आहे. तुम्ही काय कराल?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "हे बघ. नऊ वर्षं गावात मान खाली घालून फिरतोय मी. तो बाबर मला रस्त्यात थांबवून तब्येत विचारतो. तब्येत! मला तो पोरगा पाहिजे. आणि बयाजीला मी माझ्या तोंडानं जा म्हणू शकत नाही. माझ्या बापानं निवडलेला आहे तो. तू लिहिलंस की माझ्यावर काही येत नाही. भाकीतच तसं होतं म्हणता येतं."

"म्हणजे माझ्यावर येतं."

"तुझ्यावर कसं येईल? तू तर नुसतं सांगणार आहेस काय होणार ते."

आतून आई म्हणाली, "अहो, ती पडवी काही लांब नाही. हळू बोला."

शलाका पडवीत गेली. बाकीचे सहा जण अंगणात पकडीचा सराव करत होते, धूळ न उडवता. बयाजी पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"काय म्हणतंय तुझं गणित?" त्याने विचारलं.

"ब्याऐंशी टक्के."

"कशाचे?"

"तू जायचे."

बयाजीने विचार केला. "मग अठरा राहिले की. शाळेत गेलो असतो तर एवढेच पडले असते मला."

"थट्टा करू नकोस, काका."

"थट्टा नाही. अठरा म्हणजे काही नाही असं असतं का?"

"नसतं," शलाका म्हणाली. ही गोष्ट तिला नीट माहीत होती. ब्याऐंशी टक्के भाकीत जर दर वेळी खरं व्हायला लागलं, तर ते ब्याऐंशी टक्के नव्हतंच. शंभरातल्या अठरा वेळा उलटं झालं, तरच ती खरं बोलत होती असं ठरणार. आणि आडमाळमध्ये उलटं व्हायचं असेल, तर तेही तिलाच आधी लिहायला लागणार. म्हणजे खरं ठरण्यासाठी तिला अधूनमधून चुकीचं लिहावं लागणार, आणि ते लिहिलं की बरोबर होणार. तिचं डोकं दुखू लागलं.

"तुला काय वाटतं, काका? तुला राहायचंय का?"

बयाजीने तेलाची वाटी पायरीवर ठेवली.

"मला हे कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "जरा थांब, मला बघावं लागेल आत काही आहे का." अंगणात कोणाची तरी पकड झाली. मग तो म्हणाला, "राहावंसं वाटतंय. पण आपल्यामुळं तुझं शिक्षण चुकायला नको. लोक हसतील. म्हणतील, एवढी तिकडं जाऊन आली, आणि घरचाच माणूस धरला."

"म्हणू देत."

"तू म्हणतेस म्हणू देत. मी असतो का तेव्हा तुझ्या बाजूनं बोलायला, ते आधी ठरव." आणि तो हसला, तेव्हा तिला दिसलं की त्याचे वरचे दोन दात पडले होते. ती परदेशात असताना कधीतरी. हे तिला कोणी कळवलं नव्हतं.

त्या रात्री नऊच्या नऊ ताटं घासली गेली, दहावं शलाकाचं. तिने स्वतःच पुसून मांडली आणि दोनदा मोजली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मुलाणीचाचा छापील पत्रक घेऊन दारात उभे राहिले. आबा अंगणात तोंडाला साबण लावून दाढी करत होते आणि आरशातून इकडे बघत होते. पत्रकावर दहा ओळी होत्या आणि तीन रकाने होते: घर, भाकीत, कारण. शलाकाने पेन घेतलं. दोन ते दहा या ओळी तिने, धुमाळांना वगळून रात्री पुन्हा केलेल्या गणितातून, जशाच्या तशा उतरवल्या; यशराज खुटवड दुसऱ्या ओळीत बाबरांकडे गेला. कारणाच्या रकान्यात तिने प्रत्येकाची टक्केवारी लिहिली. पहिली ओळ तिने शेवटी घेतली.

"लवकर कर," चाचा म्हणाले. "खळ तयार करून ठेवलीय. आठला लावायचंय."

पहिली ओळ लिहायला तिला फार वेळ लागला नाही. 'धुमाळ : नवा कोणी घेणार नाहीत. बयाजी राहील.'

चाचांनी चष्मा लावून ते वाचलं. आरशात आबांचा हात थांबला.

"बरं," चाचा म्हणाले. "आता हे होईलच. पण कारण काय घालतेस? इथं टक्के बसत नाहीत."

"अठरा बसतात," ती म्हणाली. तिने अठरा लिहिले. मग तिला ते खोटं वाटलं. आकडा बरोबर होता, तरी खोटं वाटलं, आणि असं का, हे सहा वर्षांत तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने अठरावर रेघ मारली.

"आबा," तिने अंगणाकडे न बघता हाक मारली, "बाबरांनी तब्येत विचारली तर माझं नाव सांगा."

मग कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'मला तो घरी हवा आहे,' आणि चौतीस वर्षांत ज्या पत्रकावर कोणाचीच सही झाली नव्हती, त्याच्या खाली पूर्ण नाव घालून सही केली.