ज्याची त्याची काजळी

सासूबाईंनी इंजिन धुतलं.

नुसतं धुतलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यांनी ते कोमट पाण्यात बुडवलं, कपड्यांचा साबण लावला, जुन्या टूथब्रशने चाकाचाकामधून घासलं, खिडकीत उन्हाला ठेवलं आणि वाळल्यावर चकाकी यावी म्हणून वरून केसांच्या तेलाचा हात फिरवला. इंजिन ड्रायव्हरची बायको ती. चौतीस वर्षं नवऱ्याचे काळेकुट्ट कपडे धुण्यात गेलेली. काजळी दिसली की तिचे हात आपोआप बाह्या सरसावतात. आणि या वीतभर इंजिनावर काजळी होती. असणारच! जावयाने चार महिने मान मोडून ती एकेक ठिपका करत लावली होती.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. नवा दात पांढराशुभ्र बसवला की तोंडात तो एकटाच ओरडत बसतो, म्हणून शेजारच्या दातांचा पिवळेपणा, चहाचे डाग, बारीकसारीक चिरा, सगळं ब्रशने त्याच्यावर चढवायचं, हे त्याचं पोटापाण्याचं काम. घरी आला की हाच उद्योग तो खेळण्यातल्या रेल्वेवर करायचा. ‘खेळण्यातली’ म्हटलेलं त्याला खपत नसे, पण आपण त्याला घाबरत नाही. दुकानातून कोरं करकरीत इंजिन आणायचं, त्याचं धुरांडं बदलायचं, नंबर बदलायचा आणि मग वीस वर्षं राबल्यासारखं दिसेपर्यंत ते मळवायचं. बायको म्हणायची, "लोक जुनं देऊन नवं आणतात. आमच्याकडे सगळं उफराटं."

या इंजिनाच्या वेळी मात्र ती काही बोलली नव्हती. कारण हे इंजिन तिच्या वडिलांचं होतं. वर्षभरापूर्वी सासरे त्यांच्याकडे जेवायला आले असताना आपल्या इंजिनाच्या गोष्टी रंगात येऊन सांगत होते. "मागच्या कोळशाच्या डब्याला आठ चाकं," ते म्हणाले. जावई म्हणाला, "सहा." सासरे म्हणाले, "मी अकरा वर्षं चालवलंय ते इंजिन." यावर कुठलाही शहाणा माणूस पानात बघून जेवला असता. हा उठला, कपाटातून पुस्तक काढलं आणि चित्र उघडून सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. सगळ्यात वाईट म्हणजे पुस्तक बरोबर होतं. सासरे अर्ध्या जेवणावरून उठले ते त्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. जावई त्यांच्याकडे गेला तर त्याच्याशी सरळ बोलायचे नाहीत. समोर बसून बायकोला सांगायचे, "त्यांना म्हणावं, पंखा बंद करा." इतकंच नव्हे, जावयाच्या हातची कवळी नको म्हणून त्यांनी दुसरीकडून बनवून आणली. ती ढिली होती आणि रागावले की टकटक वाजायची. पण मागे हटतील ते सासरे कसले.

"बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे," बायकोने चार महिन्यांपूर्वी ठणकावलं होतं. "तुम्ही घालवलंत, तुम्हीच परत आणा. ते या घरात पुन्हा जेवायला आले पाहिजेत. मला दुसरं काही नको." आणि आईच्या कपाटातून तिने गुपचूप एक जुना फोटो आणून दिला होता. फोटोत इंजिन उभं, पुढे तरुण सासरे कमरेवर हात ठेवून, कपाळाला आठ्या. ऊन डोळ्यांवर येत असावं, असं जावयाने ठरवलं आणि भिंग घेऊन तो कामाला लागला. खिडकीखालचा तपकिरी ओघळ, पायरीवरचा चिखल, धुरांड्याखालची काजळी, सगळं जसंच्या तसं उतरवलं. रविवारी, वाढदिवसाच्या दिवशी, दुपारी शेवटचा फवारा मारायचा की रंग पक्के. तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी सासूबाई केक करायला लेकीकडे आल्या, कारण त्यांच्याकडचा ओव्हन बिघडला होता. जावई नेमका फवाऱ्याची बाटली आणायला मित्राकडे गेला होता. बायको अंघोळीला. केक ओव्हनमध्ये, आणि सासूबाईंचे हात रिकामे.

"जावईबापू, अहो काय घाण झालं होतं ते!" तो दारातून आत आला तशी त्या कौतुकाने म्हणाल्या. "असलं देणार होतात यांना? मी चांगलं लखलखीत करून ठेवलंय."

जावयाने खिडकीत पाहिलं. इंजिन आरशासारखं चमकत होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सासूला काय बोलणार? बायकोला बोलता येतं, मुलाला बोलता येतं, सरकारला तर वाट्टेल ते बोलता येतं. सासूला नाही.

"बरं केलंत," तो दात आवळून म्हणाला आणि आत जाऊन उशीला एक गुद्दा घातला.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"तुझ्या आईने माझे चार महिने धुतले!"

"हळू बोला. आईला काय माहीत, तुम्ही मुद्दाम मळवता ते? कुठल्या धड माणसाला माहीत असतं?"

"टेबलावर चिठ्ठी होती! ‘हात लावू नये!’"

"ती पण ओली झाली होती, म्हणून टाकली म्हणाली."

पाच वाजता सासऱ्यांकडे पोचायचं होतं. एक वाजला होता, म्हणजे चार तास. ठीक आहे, तो स्वतःशी म्हणाला, चार महिन्यांचं चार तासांत करू. रंगांची पूड भरलेल्या बाटल्या काढायला त्याने खण उघडला. खणात एकही बाटली नव्हती. त्या सगळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने पालथ्या घातल्या होत्या.

"त्या होय?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांत माती भरली होती हो. कुंडीत ओतली. बाटल्या मात्र छान आहेत, मसाल्याला होतील."

अशा वेळी माणसाला ओरडता आलं नाही की तो वेड्यासारखा वागतो. रविवारी दुकानं बंद, घरात पूड नाही, म्हणून जावई हातात टूथब्रश आणि बशी घेऊन रस्त्यावर उतरला. शेजाऱ्यांचं लोखंडी फाटक चांगलं गंजलेलं होतं. तो उकिडवा बसून ते खरवडायला लागला.

"काय चाललंय?" शेजारी गॅलरीतून गरजले.

"थोडा गंज हवाय."

"गंज? माझ्याच फाटकाचा?"

"तुमचा रंग फार चांगला आलाय," जावई मनापासून म्हणाला.

शेजाऱ्यांना वाटलं हा टोमणा आहे. गेल्याच महिन्यात सोसायटीने त्यांना फाटक रंगवा म्हणून नोटीस धाडली होती. ते चप्पल न घालताच खाली आले. "अच्छा! म्हणजे तक्रार तुम्ही केली होतीत तर! वर पुरावा गोळा करताय बशीत?" जावयाने समजावायला तोंड उघडलं. पण ‘मला इंजिन घाण करायचंय’ हे वाक्य समजावण्याच्या कामाचं नाही, हे त्याला अर्ध्यावरच कळलं. तो बशी सांभाळत पळाला आणि शेजारी फाटकापाशी उभ्याउभ्याच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले.

काजळी मेहुण्याच्या मोटारसायकलने पुरवली. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पांढरा शर्ट घालून आईला न्यायला आला होता. येऊन पाहतो तर भावोजी त्याच्या गाडीच्या मागे पालथे पडून सायलेन्सरमध्ये चमचा घालतायत.

"भावोजी, अहो गरम आहे ते!"

"कळलं मला!" भावोजी बोट तोंडात घालून ओरडले. "तू फक्त गाडी सुरू करून एकदा रेस दे."

मेहुण्याने रेस दिली. काजळी आली. निम्मी चमच्यात, निम्मी मेहुण्याच्या शर्टावर, कारण तो काय निघतंय ते बघायला मागे वाकला होता. आता तोही चिडला. बायको आधीच चिडलेली. केक करपला म्हणून सासूबाईही चिडल्या. घरात एकही माणूस धड बोलत नव्हता.

खरा घोटाळा पुढेच होता. इंजिनावर केसांचं तेल होतं आणि ते सांध्यासांध्यांत मुरलं होतं. जावई हलक्या हाताने काजळीचा ठिपका टेकवायला गेला की त्याचा थापा बसायचा. पुसायला गेला की थापा पसरायचा. मग पसरलेला झाकायला वर गंज, गंज झाकायला वर काजळी. चार महिने श्वास रोखून केलेलं काम तो आता शिव्या देत करत होता. खिडकीखालचा ओघळ तर त्याने रागाच्या भरात एका फटक्यात ओढला. शेवटी फवारा मारला तेव्हा इंजिन चिखलातून ओढून काढलेल्या म्हशीइतकं मळलेलं होतं, आणि ती घाण आता पक्की होती.

पाच वाजता सासऱ्यांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. करपलेला केक मध्ये ठेवला होता. सासऱ्यांनी खोका उघडला, चष्मा चढवला आणि इंजिन उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"तुमचं इंजिन. जावईबापूंनी केलंय."

"त्यांना विचार, हे गटारात सापडलं का?"

बायकोचा चेहरा उतरला. जावयाने खिशातून फोटो काढून टेबलावर आपटला. "फोटो बघून केलंय, बाबा. डाग न् डाग त्यातला आहे. जरा जास्त झालाय, पण खोटा एकही नाही."

सासऱ्यांनी फोटो उचलला. त्यांचे कान लाल झाले. कवळी टकटकायला लागली.

"त्यांना सांग, हा फोटो..." ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, आणि मग त्यांचा तोल सुटला. ते सरळ जावयावर कडाडले, "अरे, हा फोटो मी तक्रार करायला काढून घेतला होता! वरच्या साहेबाला दाखवायला!"

"तक्रार?"

"रात्रीच्या ड्यूटीवर एक नालायक होता. रोज सकाळी माझं इंजिन असं बरबटवून माझ्या ताब्यात द्यायचा. हा खिडकीखालचा ओघळ बघ. त्याचा चहा! उरलेला चहा खिडकीतून ओतायचा, मेला. हा पायरीवरचा चिखल, त्याचे बूट! अकरा वर्षं मी त्या माणसाची घाण पुसली, आणि तू चार महिने बसून ती परत लावलीस!"

"चार महिने नाही!" जावयाचाही सकाळपासून कोंडलेला राग आता बांध फोडून बाहेर आला. "चार महिन्यांची सकाळी धुतली गेली! ही आजची आहे! शेजाऱ्याचा गंज आणि तुमच्या मुलाचा सायलेन्सर!"

"धुतली कोणी?"

"मी," सासूबाई फणकारल्या. "आणि धुतलं तेव्हा चांगलं दिसत होतं."

"बघ! तिला कळतं!" सासरे म्हणाले.

"मग तसंच द्यायला हवं होतं का?" जावई उठून उभा राहिला. "तेल लावून? दुकानाच्या काचेतलं? तुमचं इंजिन काय अकरा वर्षं दुकानात उभं होतं?"

"दुकानात?" सासरेही उठले. "दुकानात उभं होतं म्हणतोस माझं इंजिन? अरे, घाटात मरमर मरत होतं ते! स्वच्छ कोण म्हणालं? कोळशाचं इंजिन कधी स्वच्छ असतं? माझं पण मळायचं. पण माझी घाण वेगळी होती!"



"वेगळी म्हणजे कशी?" जावयाने विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता, पण त्याचा हात खिशातली पेन्सिल शोधत होता.

"चाकांच्या मधल्या दांड्यावर तेल. रोज सकाळी मी स्वतः घालायचो, जरा जास्तच घालायचो, ते इथून असं गळायचं. कोळशाची धूळ फक्त मागे. पुढे दिसली की मी कोळसा टाकणाऱ्या फायरमनला सोलून काढायचो. आणि धुरांड्यावर काजळी मागच्या बाजूला, पुढे नाही! वारा कुठून येतो तेवढी तरी अक्कल आहे का? लिही!"

जावयाने केकच्या खोक्याचं झाकण ओढलं आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. मध्ये दोनदा "असं कसं होईल" म्हणून वाद घातला, दोनदा शिव्या खाल्ल्या, पुन्हा लिहिलं. केक तसाच पडून राहिला.

बायकोने भावाला कोपराने ढोसलं. "बाबा ह्यांच्याशी बोलतायत."

"बोलतायत कुठे? शिव्या देतायत."

"तेच ते," ती म्हणाली आणि नाक पुसायला आत गेली.

शेवटी सासऱ्यांनी इंजिन हातात घेतलं आणि ड्रायव्हरच्या खिडकीच्या खालच्या काठावर अंगठ्याचं नख टेकवलं. "इथला रंग काढ."

"इथे गंज होता?"

"गंज नाही. लोखंड. घासून घासून चकचकीत झालेलं. माझा कोपर इथे असायचा. तो रात्रीचा टेकायचा नाही इथे. हा डाग माझाच."

जावयाने पेन्सिलीने तिथे हलकीशी खूण केली. या वेळी त्याने वाद घातला नाही.

"काढू आत्ता? पातं आहे माझ्याकडे."

"आत्ता? असल्या भडकलेल्या हातांनी? काही नको. पुढच्या रविवारी येतो तुमच्याकडे. माझ्यासमोर करायचं. सकाळी सातला."

बायको स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. "बाबा, सात कशाला? सावकाश नऊला या ना. जेवूनच जा."

"जेवेन," सासरे अजून रागातच म्हणाले. "पण येणार सातलाच. माझी ड्यूटी सातला सुरू व्हायची."