अवघड भाषेचे आप्पा

घरात कुणाचं काहीही दुखलं, तरी आमचे आप्पा आधी विचारतात, "एरर काय दाखवतंय?" मागं माझी कंबर धरली, तेव्हाही हेच. मी नुसता कण्हलो. "मेसेज नीट दे रं, मग इलाज हुतोय," म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

आप्पा माझे थोरले चुलतभाऊ. घर कंग्राळीत, बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवतात. मी निपाणीचा कापडदुकानदार. कॉम्प्युटर मला बघून बंद पडतो. पण यंदा पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरची कुठली भाषा शिकवायची यावरून कॉलेजात वाद पेटला, तेव्हा आप्पांनी घरी बोलावून परीक्षेला बसवलं मलाच. "तुला आलं म्हंजे कुणालाबी येतंय."

तरुण मास्तरांना पायथॉन हवी होती, आप्पांना जुनी सी. पायथॉनमध्ये माझी बेरीज चहा यायच्या आत जमली. सीमध्ये एक अर्धविराम राहिला आणि स्क्रीनभर लाल अक्षरं.

"आप्पा, या की हिकडं!"

आप्पांचा चेहरा असा फुलला! खुर्ची ओढून अगदी खेटून बसले. "ह्यो म्हंतोय सातव्या ओळीत, चूक हाय सहावीत."

"मग पोरांना सोपीच द्या की."

वहिनी आतून म्हणाल्या, "सोपं झाल्यावर ह्यांच्या केबिनला कोण येणार, भावजी?"

आप्पा स्क्रीनकडं बघतच म्हणाले, "आदी दारात रांग असायची रं. उचगावची, सांबऱ्याची पोरं. चूक सापडली की मग घरचं बोलायची. बा शिकू देतोय का न्हाय, आक्काचं लगीन... आता मोबाईलला इचारत्यात. सीची चूक त्येलाबी कवा कवा घावत न्हाय."

मीटिंगच्या दिवशी मी फोन केला. पायथॉन ठरली होती.

"हरलासा व्हय, आप्पा?"

"न्हाय. मीच सुचवलं." मग म्हणाले, "रांगेतली पोरं तेवढी मी बघत हुतो. लाल अक्षरं बघून भ्याली नि कॉलेजच सोडून गेली, ती कुठं दिसली मला?"

परवा माल आणायला बेळगावला गेलतो, तेव्हा कॉलेजात डोकावलो. लॅबमध्ये सगळ्यांचे प्रोग्रॅम सुरळीत चाललेले. आप्पा हात मागं बांधून रांगांमधून फिरत होते. एका मुलीच्या मागं थांबून जरा वाकले.

ती वळली. "झालं सर. बरोबर आलं."

"व्हय? लई बेस," आप्पा म्हणाले, आणि तरी थोडा वेळ तिथंच उभे राहिले.