बॅटरीची घडी

वस्तू वापरली की जुनी होते आणि न वापरता ठेवली की ठेवणीतली होते. सगळा संसार या एका कायद्यावर चालतो. आमच्या वडगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणतो आणि विणलेल्या नेसत न्हाय.

माझा लेक परशराम उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहे. गेल्या साली त्यानं गच्चीवर सोलर बसवलं आणि जिन्याखाली त्याची बॅटरी. खर्च किती आला ते विचारू नका. मी विचारलं तेव्हा त्यानं प्यायला पाणी मागितलं. बचत मात्र सांगते. सरकार युनिट फुकट देतंय तेव्हापासून घरचं बिल शून्य यायचं. सोलर आल्यापासूनही शून्यच येतं. फरक इतकाच, की आधीचं शून्य सरकारच्या मेहेरबानीचं होतं, आताचं आमच्या कष्टाचं आहे. (गच्चीत जागा उरली न्हाय म्हणून सांडगे-पापड विकत आणतो. तो खर्च यात धरायचा न्हाय, असं परशराम म्हणतो.)

बॅटरीचं काम लाईट गेल्यावर. लाईट आमच्याकडं नेमानं जाते. तेव्हा खटका टाकायचा, की दिवे-पंखे चालू. पण पहिल्याच दिवशी परशरामनं बॅटरीवर ‘१००’ हा आकडा बघितला आणि त्याचा जीव त्यात अडकला. त्याला जन्मात शंभरात शंभर मिळाले नव्हते. (पस्तीसच्या पुढं मास्तरांनी जाऊ दिलं न्हाय.) त्यानं खटक्यावर चिकटपट्टी मारली आणि हुकूम काढला : सदर बॅटरी फक्त अडचणीच्या वेळी वापरावी. अडचण म्हणजे काय, तेही ठरलं. लाईट जाणं ही अडचण नव्हे, ती रोजचीच. उकाडा हा देवाच्या खात्यातला विषय. मिक्सर बंद पडला तर पाटा-वरवंटा आहे. पाहुणे आले तर ते काय कायमचे राहत न्हायत.

नियम लई चांगला. आकडा शंभरावरनं हलला न्हाय. खंडेनवमीला मागाबरोबर बॅटरीलाही हळद-कुंकू लागलं. लाईट गेली की गल्लीतली माणसं मेणबत्ती घेऊन बॅटरी बघायला येतात. अंधारात आकडा लई उठून दिसतो.

यंदा मे महिन्यात सुनेला, राणीला, आठवा महिना होता. दुपारी लाईट गेली की ती जिन्याखाली बॅटरीशेजारी फरशीवर पडायची. तिथं जरा गार लागतं. अशातच तिची आई, निपाणीच्या जयाबाई, आल्या. लेकीच्या मानेवरचं घामोळं बघितलं आणि पिशवीही खाली न ठेवता म्हणाल्या, “पोरीला घिऊन जातो. तुमच्यात माणसापरीस मशीन जपत्यात.”

बाळंतपणाला राणी माहेरी गेली असती तर ती रीत होती. पंख्यापायी गेली असती, तर माझं नाक गेलं असतं. मी म्हटलं, “न्ह्या की. तुमच्यातबी बॅटरी हाय म्हणं. पंखा फिरतोय न्हवं तितं?”

जयाबाईंनी पदरानं गळा पुसला. बराच वेळ पुसला.

“आमचीबी शंभरावर हाय,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपासनं. हे कुणाला हात लावू देत न्हाईत. मला वाटलं, तुमच्यात तरी दोन घटका वारं लागंल.”

म्हणजे राणी शंभरातनं उठून शंभरात गेली असती. (एकूण दोनशे. वारं शून्य.)

आमच्यात नव्या साडीची घडी मोडायला दुसरीला देतात. आपली वस्तू आपल्या हातानं मोडायला जीव होत न्हाय. मी उठून बाजूला झाले. “विहीणबाई,” म्हटलं, “तुमीच मोडा घडी.”

त्यांनी नखानं चिकटपट्टी सोलली आणि खटका टाकला. पंखा फिरला. राणी पंख्याखाली आली आणि आम्ही बोलेपर्यंत घोरायला लागली. आकडा नव्याण्णव झाला. आम्ही दोघी श्वास धरून बसलो. आभाळ काय कोसळलं न्हाय.

संध्याकाळी परशराम आला, आकडा बघितला आणि पायरीवर बसला. “आये, हे काय झालं?”

“अडचण आलती.”

“कसली?”

“तुझी.”

रात्री तो जेवला न्हाय. सकाळी ऊन आलं आणि न्याहारी होईपर्यंत बॅटरी पुन्हा शंभर. तेव्हापासून तो हिशोब करतोय, की इतके महिने आमच्या दारातनं ऊन किती परत गेलं. राणी मात्र पंख्याखाली झोपते. जयाबाई एकट्याच निपाणीला गेल्या, जाताना खटका कसा टाकायचा ते दोनदा बघून.

तुम्ही हसलात, बरं झालं. आता उठा आणि कपाट उघडा. वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्यांत एक साडी आहे, चांगल्या दिवसाची वाट बघत. ती आम्हीच विणलेली. घडीवर बोट फिरवून बघा, विरत आली असंल. बॅटरी सकाळी परत भरते. साडी भरत न्हाय.