साळवे सर आणि तीन नोंदींचं तळं

आमच्या ऑफिसात पट्टी मिळत नाही. होत्या त्या सगळ्या साळवे सरांनी जप्त केल्या. आलेखावरच्या ठिपक्यांमधून कुणी सरळ रेघ मारताना दिसला, की सर त्याच्या हातातली पट्टी काढून आपल्या खाकी पिशवीत टाकतात आणि विचारतात, "निसर्गात सरळ काय पाहिलंत आपण? विजेचा खांब?"

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. पुण्याभोवतीच्या बारा तळ्यांतले बेडूक मोजणं हे काम. मी अहवाल लिहिते आणि संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले साळवे सर तो लिहू देत नाहीत. पाणी तापतं तसे बेडूक वाढतात, हे माझं साधं वाक्य. "कुठवर?" सर विचारणार. "वाढतात, थांबतात, मग घटतात. आणि प्रत्येक तळ्याचं वळण निराळं. कात्रजच्या तळ्याचं माप मांजरीच्या तळ्याला लावू नका." चहातही सुटका नाही. दुसरा चमचा साखर घेतली की, "इथवर गोडी वाढते, केतकीबाई. पुढे नुसती साखर." चहा तोवर निवलेला असतो.

यंदा अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. त्यात शिफारस होईल ती तळी राखली जाणार, उरलेली बुजवायला मोकळी. अकरा तळ्यांचं काम चोख होतं. बारावं मांजरीचं. तिथे नव्या इमारतींच्या रखवालदाराने आमच्या माणसाला आत सोडणं बंद केलं, त्यामुळे नोंदी झाल्या तीन. मी ते तळं गाळलं. सरांनी सही करायचं नाकारलं.

"अहो सर, तीन नोंदींवरून काय कळणार?"

"तीन नोंदी म्हणजे बेडूक कमी नाहीत. आपण कमी वेळा गेलो. बाकीच्या अकरांचा आधार द्या त्याला. थोडं त्याचं स्वतःचं, थोडं सगळ्यांचं, अशी रेघ निघते."

"आणि चुकली तर?"

"किती चुकू शकते तेही लिहा. गाळू मात्र नका."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला घाई नसते सर, आम्हाला असते," मी सगळ्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सर आलेच नाहीत.

गुरुवारी दुपारी सहीसाठी कात्रजला त्यांच्या घरी गेले, तीही धुमसतच. सहा वर्षांत ही माझी दुसरी खेप. आमच्यापैकी बाकी कुणी कधी गेलंच नव्हतं. सर पाणी आणायला आत गेले. टेबलावर आलेखाची वही उघडी होती. चौकटींवर नावं होती: दूधवाला, शेजारी, मुलगा, ऑफिस. आडवी वर्षं, उभी मिनिटं. कोण आलं आणि किती वेळ बसलं, याचा आलेख. दूधवाल्याचे ठिपके गच्च, पण अगदी तळाशी. परदेशातल्या मुलाचे मोजके, वर वर. 'ऑफिस'च्या चौकटीत एकच ठिपका होता. तरीही त्यातून एक वळणदार रेघ थेट आजपर्यंत आणलेली होती.

"एका ठिपक्यावरून?" मी विचारलं.

"बाकीच्यांचा आधार घेतला," सर म्हणाले. पेला माझ्यासमोर ठेवून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आज दुसरा होईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहवाल पिशवीतून काढलाच नाही. "मांजरी घेते सर. रात्रीतून लिहून उद्या सकाळी सहीला आणते," मी म्हणाले. पुढे कितीतरी वेळ बसले. चहा झाला, त्यात साखर किती हेही झालं.

निघताना मी म्हणाले, "दर गुरुवारी येत जाईन."

"दर गुरुवारी इतकाच वेळ बसलात, तर रेघ सरळ येईल," सर म्हणाले.

मी चपला घालता घालता थांबले. सरांनी दाराची कडी उगाच दोनदा लावून-काढून पाहिली.

"आली तर येऊ दे," ते म्हणाले.