एकाच ताग्यातले उमेदवार

"आपली कमजोरी आपणच सांगायची, ये कौनसा शहाणपण?" मोटारसायकलवर मागे बसलेला वहाब गोकुळच्या कानाशी कुरकुरला. "आज मुलाखतीत कमजोरी विचारतील, उद्या बायकोशी भांडण कशावरनं होतं तेबी विचारतील."

"सायलीनं शिकवलंय तसं बोल. आन् आता गप बस, पुढं ट्रक हाय."

सायली ही गोकुळची मुलगी. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून गेले आठ दिवस ती ओट्यावर या दोघांचा वर्ग घेत होती. ताठ बसा, साहेबाच्या डोळ्यांत बघा, चेहरा हसरा ठेवा. वहाबने हसरा चेहरा करून दाखवला तेव्हा त्याची बायको जाहेदा घाबरून म्हणाली होती, "दाढ दुखतीय का?"

वाळूजच्या एका कारखान्यात दोघांनी एकोणीस वर्षं एकच लेथ मशीन चालवलं. दिवसपाळीला गोकुळ, रात्रपाळीला वहाब. कारखाना बंद पडून पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत गोकुळने घरातले सगळे नळ दुरुस्त केले, न बिघडलेलेसुद्धा. वहाबने जाहेदाच्या शिलाई मशीनला एवढं तेल पाजलं की मोहल्ल्यातल्या ब्लाउजांवर डाग दिसू लागले. दोघांच्या बायकांनी नळही सोसले आणि डागही. घरी बसलेल्या माणसाला बोलायला जीव धजत नाही.

मग शेंद्र्याच्या एका नव्या कंपनीची जाहिरात आली. लेथसाठी सेटर, म्हणजे मशीन मापात लावणारा कारागीर, पाहिजे. जागा एक. दोन्ही घरांनी ती जाहिरात चारचारदा वाचली. तो एकाचा आकडा मात्र कुणीच मोठ्याने वाचला नाही. गोकुळची बायको संध्या म्हणाली, "दोघं मिळून जा, सोबत व्हईल," जणू काही बारशाला निघालेत. जाहेदाने शहागंजच्या बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणलं आणि दोघांना सारखे सदरे शिवले. कुणी कमी-जास्त दिसायला नको.

त्यामुळे गेटवरचा वॉचमन म्हणाला, "केटरिंगवाले मागच्या गेटनं."

मुलाखत घ्यायला शिवराज नावाचा तरुण साहेब होता. आधी गोकुळ आत गेला.

"तुमची कमजोरी काय?"

"मी कामात लई गुंततो, साहेब. वेळेचं भान राहत नाय."

नंतर वहाब आत गेला. शिवराजने तोच प्रश्न विचारला आणि त्याला तेच उत्तर मिळालं. शब्द तेच, मधला खोकलासुद्धा तोच.

"अहो, हे तर आधीच्यांनी सांगितलं!"

"हौ साहेब," वहाब गडबडला. "एकाच मशीनवर होतो ना आम्ही. त्याची मला लागली असंल."

मग प्रत्यक्ष काम बघायचं ठरलं. लेथवर सेटिंग करायचं आणि मापात बसणारा एक पीस काढून दाखवायचा. "झालं की सेटिंग पुसून टाका," शिवराजने बजावलं. "पुढच्याने नव्याने करायचंय." गोकुळने मान डोलावली. बावीस मिनिटांत त्याने पीस काढला. एकदम मापात. साहेब तो पीस घेऊन खिडकीपाशी गेला आणि इकडे गोकुळच्या हातांनी एकोणीस वर्षांची सवय केली. त्याने सेटिंग तसंच ठेवलं, मशीन पुसलं, नवा रॉड मशीनच्या पकडीत, चकमध्ये, आवळला आणि मशीनच्या दारावर खडूने लिहिलं: "दोन नंबर टूल नवं. पाणी कमी. जपून."

वहाब आला. दारावरचा खडू वाचला, मशीनच्या टाकीत थंडाव्याचं पाणी ओतलं आणि बटन दाबलं. तीही एकोणीस वर्षांची सवयच.

"तीन मिनिटं!" शिवराज घड्याळाकडे बघतच राहिला. "वहाबभाई, मी असा सेटर पाहिला नाही!"

तेव्हा कुठे वहाबच्या ध्यानात आलं. तोंड बंद ठेवलं तर नोकरी त्याचीच होती. त्याने हातातला गरम पीस साहेबापुढे ठेवला.

"नक्को साहेब," तो म्हणाला. "ये सेटिंग गोकुळकी है. मैं तो सिर्फ बटन दबाया."

शिवराजने दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि तो गोकुळकडे वळला.

"पुसायला सांगितलं होतं ना?"

"चुकलंच, साहेब. पर पीस त्यानंच काढला. त्याला घ्या."

"याचा हात बघा ना साहेब, देवाघरचा हाय. याला घ्या."

"नाय नाय, रातपाळी करणारा माणूस कुठं मिळतो आता? यालाच घ्या."

"अरे, याची पोरगी शिकतीय!"

"आन् तुझी लेक आफरीन काय बकऱ्या राखती का?"

शिवराज कधी या सदऱ्याकडे, कधी त्या सदऱ्याकडे बघत होता. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही म्हणता यांना घ्या, हे म्हणतात तुम्हाला घ्या. म्हणजे नोकरी दोघांनाही नकोय, असं लिहितो. बाहेर तिसरे बसलेत."

त्याने फाइल मिटायला घेतली. वहाब पंख्याकडे बघू लागला. गोकुळचे कान लाल झाले.

"थांबा, साहेब." गोकुळचा आवाज पिठाच्या चाळणीतून आल्यासारखा बारीक निघाला. "मला पाहिजे. लई पाहिजे."

वहाबने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"या अल्ला, बोलला एकदाचा! आठ दिवस वाट बघून राहिलो मी. तू बोलल्याबिगर मी कसा बोलू?" त्याने खुर्ची पुढे ओढली. "मेरे कू भी होना साहेब, मलाबी पाहिजे. जागा एक है, आम्ही दोघं. आता विचारा काय विचारायचं ते."